पिकअपवाल्यांनो, बल्ब बदलण्याआधी हे बघा

अकलोली-वज्रेश्वरी पट्ट्यात भाजीपासून भिवंडीच्या गोदामातल्या मालापर्यंत सगळं पिकअपवर चालतं. मालकांची ठरलेली तक्रार: "रात्री नीट दिसत नाही." आणि लगेच जास्त वॅटचा बल्ब! अहो, हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. उन्हाने पिवळी पडते. आधी ती पॉलिश करा.

दुसरं, माल भरला की मागचे पाटे दबतात, नाक वर होतं आणि उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांचं लेव्हलिंगचं चाक असतं. लोड जास्त, आकडा जास्त. निम्म्या ड्रायव्हरांनी त्याला कधी हातही लावलेला नसतो!

पावसात समोरची काच आतून धुरकटली, तर फडकं मारत बसू नका. बाहेरची हवा काचेवर सोडा, एसी असेल तर लावा. वायपरची रबरं मात्र मे महिन्यातच बदला.