सरोवरकाठची घरे आणि फॉस्फरस
कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात मस्कोका परिसरातील सरोवरांच्या काठी कॉटेजांची, म्हणजे उन्हाळी घरांची, मोठी वस्ती असून तेथील पाण्याचे आरोग्य बऱ्याच अंशी या घरमालकांच्या हाती आहे. याच प्रांताच्या वायव्येस 1973 मध्ये सरोवरशास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी 226 क्रमांकाचे सरोवर पडद्याने दुभागून दोन्ही भागांत कार्बन व नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात मिसळला, आणि तोच भाग शैवालाने हिरवागार झाला. अतिपोषणाचे, म्हणजे पोषकद्रव्ये वाढून शैवाल माजण्याचे, मूळ त्यातून स्पष्ट झाले. घरातील सांडपाण्यातही फॉस्फरस असतो. या पाण्यातील गाळ सेप्टिक टाकीत बसतो व उरलेले पाणी शोषक्षेत्रात, म्हणजे सच्छिद्र नळ्या पुरलेल्या जमिनीत, झिरपते. तेथील माती फॉस्फरस धरून ठेवते खरी, पण ग्रॅनाइटवरचा मातीचा थर पातळ असल्याने ही क्षमता मर्यादित राहते, आणि म्हणूनच टाकीचा उपसा लांबवणे महागात पडते. पाण्यापर्यंत कातरलेली हिरवळ (दिसायला कितीही देखणी असो) वाहून येणारे खत पुरेसे अडवत नाही. ते काम स्थानिक झुडपांचा पट्टा अधिक चांगले करतो, शिवाय त्याची मुळे काठ सावरतात. धक्का बांधायचाच असेल, तर तळावर भराव घालण्यापेक्षा तो तरंगता असणे बरे, कारण अनेक मासे उथळ पाण्यातच अंडी घालतात.