मॉरिशस : निसर्गाआडचा श्रमाचा वारसा



एखाद्या प्रदेशात लेखकाने नेमके काय पाहावे, हा प्रवासवर्णनाचा मूलभूत प्रश्न आहे. मॉरिशसच्या उदाहरणावरून तो समजून घेऊ.

१. निसर्ग : मादागास्करच्या पूर्वेस असलेले हे बेट ज्वालामुखीतून निर्माण झाले. प्रवाळांनी वेढलेला किनारा, शामारेलची सप्तरंगी माती आणि ब्लॅक रिव्हरचे अरण्य यांची वर्णने नेहमी आढळतात. उसाच्या शेतांतील काळ्या दगडांचे ढीग मात्र सहसा दुर्लक्षित राहतात. लागवडीसाठी मजुरांनी जमिनीतून वेचून रचलेले ते दगड आहेत. मराठवाड्यातील काळ्या दगडाप्रमाणे तोही बेसाल्टच होय.

२. वारसा : १८३४ पासून भारतातील करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांसाठी तेथे नेले जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. पोर्ट लुई येथे मजूर जेथे उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. त्याच्या सोळा पायऱ्या आजही पाहता येतात.

३. भाषा : तेथील बहुतेक मराठी कुटुंबांत आज क्रिओल बोलली जाते. तरीही शाळांतून मराठी शिकवली जाते, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातील जाखडी ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते. दैनंदिन व्यवहारातून भाषा मागे सरली, तरी विधी, गीत आणि नृत्य यांच्या आश्रयाने ती टिकून राहते, हे येथे स्पष्ट होते.

४. आपला संदर्भ : मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. उमापूरच्या पंचक्रोशीतील वाचकास येथे ‘खाडा’ हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. दोन्ही परिस्थिती सारख्या नाहीत : मॉरिशसला गेलेल्यांपैकी पुष्कळजण परतले नाहीत, तर आपला ऊसतोड कामगार हंगाम संपताच गावी येतो. परंतु उचल, कोयता, मुकादम, खाडा हे शब्द ज्याच्या घरात आहेत, तो त्या दगडांच्या ढिगांपाशी इतरांपेक्षा अधिक काळ थांबेल. लेखकाची दृष्टी अशी स्वानुभवातून घडते. ती लाभण्यासाठी दूरचा प्रवास केलेलाच असावा, असे नाही.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील ऊसतोडीशी संबंधित दहा शब्द ज्येष्ठांकडून मिळवा. त्यांपैकी एका शब्दाच्या आधारे गावापासून कारखान्यापर्यंतच्या प्रवासाचे दीडशे शब्दांत वर्णन करा.