ओकडेल नावाच्या गावाची कैफियत

२ एप्रिल १९५६ रोजी दुपारी अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ ही मालिका सुरू केली, आणि इलिनॉय राज्यातील ओकडेल या कल्पित गावाचा संसार त्या देशातील गृहिणींच्या दिवाणखान्यात जो एकदा मांडला गेला, तो १७ सप्टेंबर २०१० पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षांहून अधिक काळ, मोडला नाही. १३,००० हून अधिक भागांच्या या कथेत जी बालके पाळण्यात होती ती आजी-आजोबा झाली, विवाह जुळले, मोडले आणि पुन्हा जुळले, आणि एका पिढीने दडविलेले रहस्य तिसऱ्या पिढीच्या मंगलकार्यात विघ्न होऊन उभे राहिले. अशा मालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणून हिणविण्याची वहिवाट जुनी आहे. परंतु ज्या कथाप्रकाराने कोट्यवधी माणसांच्या दुपारी आणि सायंकाळी व्यापल्या, त्याच्या अंतरंगात काही सुसंगत रचना असलीच पाहिजे, आणि ती समजून घेतल्यावाचून त्याचा फैसला करणे न्यायाला धरून होणार नाही.

या रचनेची जननी इर्ना फिलिप्स ही शिकागोची एक शिक्षिका होय. १९३० साली तिने शिकागोच्या डब्ल्यूजीएन या नभोवाणी केंद्रासाठी ‘पेंटेड ड्रीम्स’ ही मालिका लिहिली आणि घरकामात गुंतलेल्या स्त्रीला कानांनी ऐकता येईल अशी, दररोज थोडी थोडी उलगडणारी कुटुंबकथा जन्माला आली. त्या मालिकेच्या मालकी हक्काविषयी केंद्राशी तिचा तंटा झाला, तो अदालतीत गेला आणि निकाल तिच्या विरुद्ध लागला. परंतु आपल्या लेखणीवर आपलाच अधिकार राहील अशी तजवीज पुढील कामांत करण्याचा धडा तिने त्यातून घेतला. धुलाईच्या साबणांचे कारखानदार, विशेषतः प्रॉक्टर अँड गॅम्बल, या मालिकांचे प्रायोजक बनले आणि ‘सोप’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. १९३३ ते १९६० पर्यंत चाललेल्या ‘मा पर्किन्स’ या नभोवाणी मालिकेची विधवा नायिका रशव्हिल सेंटर नावाच्या लहान गावी लाकडाची वखार चालवीत असे आणि आल्यागेल्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत असे. कथेचे घर लहान गावातच असावे, हा संकेत अशा रीतीने प्रारंभापासूनच दृढ झाला.

गाव लहान का असावे?

हा संकेत निव्वळ सोयीचा नव्हता. महानगरात दुखावलेल्या माणसाला दुसऱ्या गल्लीत जाऊन अनोळखी होता येते. ज्याच्याशी काडीमोड घेतला त्याचे मुख पुन्हा पाहावे लागत नाही. लहान गावात ही मुभा नसते. जिने नवरा सोडला तिला त्याच नवऱ्याच्या आईशी गावच्या एकुलत्या इस्पितळात गाठ पडल्यावर बोलावे लागते, आणि ज्याने मित्राचा विश्वासघात केला त्याला त्याच मित्राच्या घरी सणाच्या पंक्तीला बसावे लागते. कोणाचीही गाठ कोणाशीही पडू शकेल, आणि कोणालाही कोणापासून निसटता येणार नाही, ही ओकडेलची पहिली अट होती. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ रचताना इर्ना फिलिप्सने गावातील प्रमुख कुटुंबे निवडली ती याच दृष्टीने. ख्रिस ह्यूज हा वकील आणि त्याची पत्नी नॅन्सी यांचे घर मध्यमवर्गीय, शिस्तीचे आणि सुखी. ख्रिसचे भागीदार लोवेल यांचे घर अधिक संपन्न, परंतु आतून दुभंगलेले. पुढे डॉक्टर डेव्हिड स्ट्युअर्टचे घराणे त्यांत मिळाले. वकील आणि डॉक्टर हे दोनच व्यवसाय वारंवार का येतात, याचेही उत्तर उघड आहे: मृत्युपत्रे, दत्तकविधाने आणि घटस्फोट एकाच्या दप्तरातून जातात, तर गर्भधारणा, आजार आणि रक्ताची नाती दुसऱ्याच्या. गावाची सारी गुपिते ज्यांच्यापाशी ठेव म्हणून जमा असतात, त्यांच्याच घरांत कथा नांदते.

दुसरी अट काळाची. तोपर्यंत दूरचित्रवाणीवरील दैनिक मालिका पंधरा मिनिटांच्या असत. ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ आणि त्याच दिवशी सुरू झालेली ‘द एज ऑफ नाइट’ या पहिल्या अर्ध्या तासाच्या मालिका होत. वाढीव वेळ मिळाल्यावर इर्ना फिलिप्सने घटनांची संख्या वाढविली नाही, तर गती मंद केली. घटना घडण्यापेक्षा घडलेल्या घटनेविषयी माणसे काय बोलतात, कॉफीचा पेला हाती धरून काय बोलायचे टाळतात, आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर कोणती छटा उमटते, याकडे तिने कॅमेरा वळविला. १९७५ पर्यंत हे सारे थेट प्रक्षेपित होत असे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी ह्यूज कुटुंबातील एका साध्या घरगुती संभाषणाच्या मध्येच वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइटचा आवाज आला आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर डॅलस येथे गोळीबार झाल्याची वार्ता त्या संस्थेच्या प्रेक्षकांना प्रथम कळली, ती याच मालिकेत खंड पाडून. सामान्य अमेरिकन दुपार म्हणजे ओकडेलची दुपार, इतके ते गाव लोकांच्या दिनक्रमाशी एकरूप झालेले होते.

एका मातेची कथा

या मालिकेचे सामर्थ्य एकाच उदाहरणाने दाखवायचे झाल्यास मी एलन लोवेलचे कथानक निवडीन. आईबापांच्या विसंवादात वाढलेली ही तरुणी टिम कोल नावाच्या विवाहित डॉक्टरच्या प्रेमात पडली, तिला त्याच्यापासून मुलगा झाला आणि त्या काळच्या लोकलज्जेला भिऊन तिने तो दत्तक देऊन टाकला. मूल गेले ते दूरदेशी नव्हे, त्याच गावातील डॉक्टर डेव्हिड स्ट्युअर्ट आणि त्याची पत्नी बेटी यांच्या घरी. आपले मूल दुसरीच्या ओटीत वाढताना पाहणे हेच एलनचे प्राक्तन ठरले. काही वर्षांनी बेटी मरण पावली, डेव्हिड आणि एलन यांचा स्नेह जुळला, विवाह झाला, आणि ज्याला तिने जन्म दिला त्या डॅनची ती कायद्याने सावत्र आई झाली. सत्य सांगावे तर मुलाच्या मनाला धक्का, न सांगावे तर स्वतःच्या मातृत्वाचा रोजचा नकार, या कात्रीत ती सापडलेली असताना घरातील फ्रॅनी ब्रेनन या कामवालीने रहस्य फोडण्याची धमकी दिली. संतापाच्या भरात एलनच्या हातून तिचा मृत्यू घडला आणि एलनला तुरुंगवास भोगावा लागला.

कथा येथे संपली असती तर ती एक भडक नाट्यकृती ठरली असती. ती संपली नाही, हेच तिचे मर्म आहे. डॅन मोठा होऊन डॉक्टर झाला, त्याने सुसान नावाच्या स्त्रीशी विवाह केला, परंतु त्याचे मन लिझ या तरुणीकडे ओढले गेले. लिझ मात्र त्याच घरात त्याच्याबरोबर वाढलेल्या पॉल या भावाची पत्नी झाली. पॉलची म्हणून जन्मलेली बेट्सी ही वास्तविक डॅनची मुलगी होती. म्हणजे ज्या पुरुषाला स्वतःचा जन्म असत्याच्या पडद्याआड ठेवल्याचे दुःख भोगावे लागले, त्याच्याच मुलीच्या जन्मावर तोच पडदा पुन्हा पडला. या बेट्सीची भूमिका १९८२ ते १९८४ या काळात मेग रायनने केली, आणि बेट्सीच्या विवाहाच्या भागांकडे प्रेक्षकांचे जे लक्ष लागून राहिले होते, त्यात तिच्या आजीचा इतिहास जाणणाऱ्यांची उत्कंठा वेगळीच असली पाहिजे. कादंबरीकार तीन पिढ्यांची कथा सहाशे पृष्ठांत सांगतो आणि वाचक ती आठवड्यात वाचतो. येथे तीन पिढ्यांच्या कथेला अनेक वर्षे लागली, आणि एलनच्या चुकीचे व्याज प्रेक्षकाने स्वतःचे वय वाढताना पाहिले.

इर्ना फिलिप्स स्वतः अविवाहित राहिली आणि तिने दोन मुले दत्तक घेऊन वाढविली, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे जन्मदात्री आणि पालनकर्ती यांच्यातील या संघर्षाकडे ती इतक्या गांभीर्याने का पाहत असे, याचा उलगडा होतो. तिच्या लेखी तो करमणुकीचा मसाला नव्हता.

प्रेक्षक, प्रायोजक आणि नीती

प्रेक्षकांनीही या कथांना निव्वळ करमणूक मानले नाही. ह्यूज कुटुंबातील पेनी आणि जेफ बेकर हे अमेरिकेच्या दुपारचे लाडके जोडपे होते. त्यांनी पळून जाऊन केलेला विवाह रद्द ठरविला गेला, पुढे अनेक यातनांनंतर ते रीतसर पतिपत्नी झाले, आणि १९६२ मध्ये मोटार अपघातात जेफचा अंत दाखविला गेला तेव्हा संतप्त आणि शोकाकुल पत्रांचा ओघ सुरू झाला. वस्तुतः जेफची भूमिका करणाऱ्या मार्क रायडेलला मालिका सोडायची होती. तो पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून ख्यातनाम झाला. परंतु लोकांनी सुतक पाळले ते जेफ बेकरचे.

लेखिकेच्या स्वातंत्र्याला मात्र मर्यादा होती, आणि ती साबणाच्या कारखानदारांनी आखलेली होती. ख्रिसची बहीण ईडिथ आणि विवाहित जिम लोवेल यांच्या प्रेमाची परिणती विवाहात व्हावी अशी इर्ना फिलिप्सची इच्छा होती; व्यभिचाराला असे फळ मिळणे प्रायोजकांना मानवले नाही आणि जिमला कथेत मरावे लागले. तिच्या शिष्या ॲग्नेस निक्सन यांनी १९६२ साली ‘द गायडिंग लाइट’ या मालिकेत बर्ट बाउअर या गृहिणीला गर्भाशयाच्या कर्करोगाची शंका येते आणि वेळीच केलेल्या तपासणीमुळे ती वाचते, असे कथानक घातले. त्यासाठी परवानगी मिळाली ती एका विलक्षण अटीवर: ‘कर्करोग’ आणि ‘गर्भाशय’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. तरीही निक्सन यांनी ती कथा सांगितली. स्त्रीच्या देहाविषयी सभ्य घरांत जे बोलले जात नसे, ते बोलण्यास या उपेक्षित कथाप्रकाराने वाट करून दिली, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

स्मृतीचा ऱ्हास आणि उद्धार

१९५८ पासून १९७८ पर्यंत ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ अमेरिकेतील दुपारच्या मालिकांत अग्रस्थानी राहिली. १९७३ मध्ये इर्ना फिलिप्सला तिच्याच मालिकेतून दूर करण्यात आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचे निधन झाले. पुढे अन्य मालिकांतील साहसे आणि झगमगाट यांच्याशी स्पर्धा करण्याच्या नादात ओकडेलही आपला स्वभाव विसरू लागले. मेलेला खलनायक जिवंत होऊन परतला की प्रेक्षक एकदा दचकतो. तो वारंवार परतला की मृत्यूचेच मोल नाहीसे होते, आणि मृत्यूला मोल नसलेल्या गावात विरहालाही ते उरत नाही.

या घसरणीला आवर घातला तो डग्लस मारलंड यांनी. १९८५ मध्ये प्रमुख लेखक म्हणून सूत्रे हाती घेताच त्यांनी गावाबाहेरच्या शेतावर राहणारे स्नायडर हे कष्टाळू कुटुंब निर्माण केले आणि जुन्या ह्यूज घराण्याला पुन्हा मध्यभागी आणले. नव्या लेखकाने प्रथम मालिकेचा पूर्वेतिहास अभ्यासावा, जुन्या पात्रांचा उपमर्द करू नये, असा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी लेखी मांडून ठेवला. धनाढ्य लुसिंडा वॉल्शची लेक लिली हिचे स्नायडरांच्या होल्डनवर प्रेम जडते, आणि मग तिला कळते की आपण दत्तक असून आपली जन्मदात्री म्हणजे होल्डनची दत्तक बहीण आयव्हा आहे: एलनच्या दुःखाचाच हा नवा अवतार, परंतु नव्या काळाच्या जाणिवेने लिहिलेला. याच लिली आणि होल्डन यांच्या घरी वाढलेल्या ल्यूकचे २००७ मध्ये दुसऱ्या तरुणावरील प्रेम दाखविले गेले, तेव्हा देशभरच्या प्रेक्षकांना तो परका वाटला नाही, कारण त्याच्या आजीपासूनची सारी नाती त्यांच्या परिचयाची होती.

पुढे दुपारी घरी असणाऱ्या स्त्रिया नोकरीवर जाऊ लागल्या, १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसन या खेळाडूवरील खुनाच्या खटल्याच्या दीर्घ प्रक्षेपणाने प्रेक्षकांची सवय मोडली, वाहिन्या वाढल्या आणि खर्च परवडेनासा झाला. प्रॉक्टर अँड गॅम्बलची ही अखेरची मालिका २०१० साली बंद पडली. नॅन्सीची भूमिका पहिल्या भागापासून करणाऱ्या हेलन वॅग्नर त्याच वर्षीच्या मे महिन्यात निवर्तल्या होत्या.

आपल्याकडे हा प्रवाह मेक्सिकोमार्गे आला. तेथील शिक्षणप्रधान मालिका पाहून नागपूरचे वसंत साठे यांनी माहिती व नभोवाणी मंत्री या नात्याने तसा प्रयोग भारतात व्हावा असे मनावर घेतले, आणि मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीतून ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ अवतरली. आज मराठी घरांत रोज सायंकाळी ज्या मालिका चालतात, त्यांचे पूर्वज असे दोन खंडांत पसरलेले आहेत.

त्या मालिका लिहिणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. तुमच्या हाती रोजचा अर्धा तास आणि अनेक वर्षे आहेत. एवढा अवकाश नाटककाराला नाही, चित्रपटकाराला नाही, कादंबरीकारालाही क्वचितच मिळतो. कालच्या भागात सुनेने सोसलेला अपमान उद्याच्या भागात कोणालाच आठवत नसेल, तर हे सारे वैभव व्यर्थ आहे. पात्रांचा भूतकाळ विसरू नका आणि प्रेक्षकांना तो विसरायला लावू नका; कारण केलेल्या कर्माचे फळ माणसाला त्याच गावात, त्याच माणसांमध्ये राहून भोगावे लागते, हे सत्य इतक्या सावकाशीने दाखविण्याचे सामर्थ्य दुसऱ्या कोणत्याही कलाप्रकारात नाही.