अठरा सेकंद टाइप करणारा माणूस

डेटाबेसच्या वेगाचा नवा विक्रम वाचला की मला आधी एक माणूस दिसतो. तो गोदामाच्या टर्मिनलपुढे बसलाय. ऑर्डर टाइप करायला त्याला १८ सेकंद लागतात. उत्तर आल्यावर तो सरासरी १२ सेकंद विचार करतो आणि मग पुढच्या कामाला लागतो. हा माणूस खरा नाही, तो टीपीसी-सी या १९९२च्या चाचणीच्या नियमांत राहतो. पण विक्रमांमागचे अवाढव्य आकडे त्याच्या संथपणातूनच निघालेत.

चाचणीतलं जग घाऊक व्यापाऱ्याचं आहे. एका गोदामाचे १० विभाग, दर विभागात ३,००० ग्राहक आणि एक टर्मिनल, गोदामात १ लाख प्रकारचा माल. कामं पाच: नवी ऑर्डर घेणं, पैसे जमा करणं, ऑर्डरीची चौकशी, माल रवाना करणं, साठा तपासणं. पाचही कामं धरली तर टायपिंग आणि विचार मिळून एका कामाला सरासरी २१ सेकंद जातात, आणि या कामांत नव्या ऑर्डरी साधारण ४५ टक्के. म्हणजे दहा टर्मिनलांचं गोदाम मिनिटाला फार तर १२.८६ नव्या ऑर्डरी देणार. यंत्र कितीही चपळ आणा, ही मर्यादा हलत नाही. वेग जास्त दाखवायचा तर गोदामंच वाढवावी लागतात.

१९९२मध्ये आयबीएमच्या एएस/४०० यंत्रानं मिनिटाला ५४ ऑर्डरी नोंदवल्या. तेवढ्याला पाच गोदामं पुरतात. २०१०मध्ये ओरॅकलनं ३ कोटी गाठले, २०२०मध्ये ओशनबेस या डेटाबेसनं ७० कोटी. आणि २०२५च्या सुरुवातीला अलिबाबा क्लाउडच्या पोलरडीबी या डेटाबेसचा आकडा आला: मिनिटाला २०५ कोटी ५० लाख ७६ हजार ६४९.

याला १२.८६नं भागून पाहा. जवळपास १६ कोटी गोदामं! टर्मिनलं १६० कोटी: भारतातल्या प्रत्येकापुढे, तान्ह्या बाळापुढेसुद्धा, एकेक मांडलं तरी काही कोटी उरतील. ग्राहक ४.८ लाख कोटी, म्हणजे पृथ्वीच्या लोकसंख्येच्या सुमारे ६०० पट. साठ्याच्या नोंदी १६ लाख कोटी. सेकंदाला ३.४३ कोटी नव्या ऑर्डरी, आणि बाकीची चार कामं धरली तर साडेसात कोटींहून जास्त व्यवहार. हा वेग किमान दोन तास टिकवायचा असतो, शिवाय दहातल्या नऊ ऑर्डरींना पाच सेकंदांच्या आत उत्तर मिळायला हवं.

मला यातला सर्वांत अवघड वाटणारा आकडा मात्र लहान आहे: १ टक्का. ऑर्डरीतल्या शंभरातल्या एका वस्तूसाठी माल दुसऱ्या गोदामातून काढावा लागतो. एका ऑर्डरीत सरासरी दहा वस्तू असतात, म्हणून साधारण दहातली एक ऑर्डर दोन गोदामांना हात लावते. ही गोदामं वेगवेगळ्या सर्व्हरवर असतील तर दोघांनी एकाच वेळी ‘झालं’ म्हणायचं किंवा दोघांनीही ‘झालं नाही’ म्हणायचं. दोन गोदामांना हात लावणाऱ्या अशा ऑर्डरी सेकंदाला तीस लाखांवर असतात. हा १ टक्का नसता तर नव्या ऑर्डरींपुरती तरी १६ कोटी गोदामं म्हणजे १६ कोटी सुटी दुकानं झाली असती.

आपल्या यंत्रावर दोन डेटाबेस ताडून पाहताना पुष्कळजण एकच गोदाम घेतात आणि ते १८ सेकंद सरळ काढून टाकतात. मग विभाग दहा, म्हणून पुढच्या ऑर्डरीचा क्रमांक सांभाळणाऱ्या नोंदीही दहाच. नव्या ऑर्डरींचे शंभर धागे (थ्रेड) एकदम सोडले तर, एका नोंदीला एका वेळी एकच म्हणून, फार तर दहा काम करतात आणि बाकीचे कुलूप (लॉक) उघडायची वाट बघत राहतात. पैसे जमा करायचे झाले तर गोदामाच्या एकूण जमेची नोंद एकच, तिथे तर नव्याण्णव थांबतात. शेवटी जो आकडा हाती येतो तो त्या रांगेचा असतो. म्हणून कुणी मला अशी तुलना दाखवली की मी आधी गोदामं किती होती ते विचारते.