बेल्ट ग्राइंडर: पट्ट्याचा वेग नेमका ठरतो कशावर?

‘अमेरिकन ड्रॉइंगमध्ये चार इंची ड्राइव्ह व्हील होतं, म्हणून मीही चार इंचीच करून घेतलं.’ ग्राइंडर स्वतः बांधणारे बरेच जण असं करतात आणि मग मशीन मंद का चालतं ते कळत नाही. तिकडची वीज 60 हर्ट्झची. तिथली दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण 3450 फेरे घेते. आपल्याकडे 50 हर्ट्झवर तशीच मोटर 2880 च्या आसपास फिरते. त्यामुळे मोटरवरचं तेच चाक तिकडे पट्टा सेकंदाला 18 मीटरने पळवतं, इथे 15 मीटरने. त्यात 1440 आरपीएमची चार पोलची मोटर जोडली, तर साडेसातच्या वर काही मिळत नाही. तिकडचाच वेग हवा असेल, तर इथे 2880 च्या मोटरवर 125 मिलिमीटरचं चाक लागतं.

हिशेब सोपा आहे. चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमने आणि 3.14 ने गुणा, 60,000 ने भागा. उत्तर मीटर प्रतिसेकंद. आरपीएम मोटरच्या नेमप्लेटवरूनच घ्यायचा, दुकानदाराच्या तोंडी आकड्यावरून नाही.

या हिशेबात कॉन्टॅक्ट व्हील, म्हणजे पुढचं चाक, कुठेच येत नाही. तरी ‘पुढचं चाक मोठं बसवलं की पट्टा जोरात पळतो’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. पट्ट्याला ओढतं ते फक्त मोटरवरचं चाक. बाकीची सगळी त्याच्या मागे फरफटत जातात. पुढच्या चाकाचा आकार वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. पट्टा 20 मीटरने पळत असेल, तर 25 मिलिमीटरचं छोटं चाक मिनिटाला 15,000 च्या वर फेरे घेतं. तिथे साधं बेअरिंग फार काळ टिकत नाही.

सर्वांत चिवट समज टॉर्कचा. ‘1440 ची मोटर ताकदीची, 2880 ची नुसती पळणारी.’ अर्धंच खरं आहे. एकाच एचपीत 1440 च्या मोटरचा टॉर्क दुप्पट असतो हे बरोबर. पण तोच वेग मिळवायला चाकही दुप्पट व्यासाचं लागतं, आणि मोठ्या चाकाच्या कडेवर ओढ तेवढीच कमी होते. शेवटी पट्ट्यावर येणारा जोर सारखाच. दोन एचपीची मोटर 15 मीटरच्या वेगाला पट्टा सुमारे 10 किलोच्या जोराने ओढते. वेग 30 वर नेला की जोर 5 किलोवर येतो. म्हणून नुसतं चाक मोठं करून वेग वाढवला, की पातं जरा दाबताच मोटर बसते. वेग वाढवायचा तर एचपीही वाढवायला हवा.

आणि वेग नेहमी जास्तच हवा असंही नाही. उघड्या, पाणी न दिलेल्या पोलादावरचा ढोबळ माल काढायला 20 ते 25 मीटर छान. पण पाणी दिलेल्या पात्याची धार पातळ होत आली, की हाच वेग घात करतो. कडेवर गवती पिवळा रंग दिसला म्हणजे तापमान दोनशेच्या पुढे गेलं. निळा दिसला म्हणजे तीनशेच्या आसपास पोहोचलं आणि साध्या कार्बन पोलादाचं तिथलं पाणी उतरलं. मग पाण्यात बुडवून उपयोग नाही, तेवढा भाग घासून काढावाच लागतो. बारीक ग्रिटला 5 ते 8 मीटर पुरे.

दोन्ही वेग एकाच मशीनवर हवे असतील, तर थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) घ्या. कॅपॅसिटरच्या सिंगल फेज मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. वेग नीट कमी होत नाही, वाइंडिंग मात्र तापतं. व्हीएफडीवर 125 मिलिमीटरचं चाक 50 हर्ट्झला जवळपास 19 मीटर देतं, 20 हर्ट्झला साडेसात. फार खालच्या वेगावर मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो, तेव्हा मधूनमधून हात लावून ती किती तापली ते बघत जा.

टर्नरकडे चाक टाकण्याआधी मोटर विकत घ्या, तिची नेमप्लेट वाचा आणि शाफ्टचा व्यास स्वतः मोजा.