अपरिचितांशी विचारविनिमय

रेवस बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे लाँच निघाली, की थोड्याच वेळात उतारूंच्या गप्पांना आरंभ होतो. एकजण पश्चिमेकडील ढगांकडे पाहून म्हणतो, "वेधशाळेचा अंदाज काही खरा ठरेलसे दिसत नाही." दुसरा मासळीचे भाव का चढले, याची कारणे सांगू लागतो. तिसरा येत्या निवडणुकीचा विषय काढतो. बोलणारे कोणी पेणचे, कोणी चौलचे, तर कोणी रेवदंड्याचे असतात. त्यांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतात. तरीही विज्ञान, अर्थकारण आणि राजकारण हे तीन मोठे विषय घटकाभरात त्यांच्या बोलण्यात येऊन जातात.

ओळखीच्या माणसाशी बोलणे आणि अपरिचिताशी बोलणे यांत मोठा भेद आहे. घरातील वडील माणसांनी एखादी गोष्ट सांगितली, की त्यांच्यावरील विश्वासामुळे आपण ती मान्य करतो. मित्राचे म्हणणे पटले नाही, तरी स्नेहासाठी आपण गप्प बसतो. अपरिचिताच्या बाबतीत असा कोणताच आधार नसतो. तो आपल्याला ओळखत नाही व आपण त्याला ओळखत नाही. आपले म्हणणे त्याला पटावे, असे वाटत असेल, तर एकच साधन हाती उरते. आपण जे म्हणतो, ते कशावरून म्हणतो, हे त्याला सांगावे लागते. म्हणूनच अपरिचितांशी होणारा विचारविनिमय ही आपल्या बुद्धीची खरी कसोटी होय.

आपल्या महाराष्ट्रात या विचारविनिमयाला वृत्तपत्रांनी मोठे क्षेत्र मिळवून दिले. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' हे पत्र सुरू केले. त्यानंतर २४ ऑक्टोबर १८४१ रोजी मुंबईत 'प्रभाकर' हे साप्ताहिक निघाले. त्याचे संपादक गोविंद विठ्ठल कुंटे हे मूळचे पेणचे. भाऊ महाजन या नावाने ते अधिक प्रसिद्ध आहेत. फ्रान्समधील राज्यक्रांतीचा इतिहास त्यांनी मराठी वाचकांपुढे ठेवला, आणि आपल्या पत्राचे स्तंभ इतरांच्या विचारांसाठीही मोकळे केले.

याच 'प्रभाकरा'त १८४८ पासून 'लोकहितवादी' अशी सही असलेली पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. पुढे ती 'शतपत्रे' या नावाने गाजली. प्रत्यक्षात ती १०८ आहेत. त्यांचे लेखक गोपाळ हरी देशमुख हे त्या वेळी अवघे पंचवीस वर्षांचे होते. लोकांनी विद्या का शिकावी, देश दरिद्री का झाला, स्वदेशी माल का वापरावा, राज्यकारभारात प्रजेचा वाटा काय असावा, असे प्रश्न त्यांनी या पत्रांतून मांडले. 'लोकहितवादी' या सहीवरून लेखकाचे वय, हुद्दा किंवा गाव यांपैकी काहीच कळत नव्हते. दूरच्या गावी बसलेल्या वाचकाला त्या पत्रातील युक्तिवाद तेवढा दिसत होता. तो पटला तर घ्यावा, न पटला तर खोडून काढावा. तो न पटणारेही पुष्कळ होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली आणि पुढे तीतून लोकहितवादींच्या मतांवर कठोर टीका केली. आज ती पत्रे आणि ती टीका अशी दोन्ही ग्रंथरूपाने आपल्याला वाचावयास मिळतात. दोन्ही पक्ष वाचून आपले मत ठरविण्याची सोय त्यामुळे झाली आहे.

परंतु सगळीच वादावादी सारख्या योग्यतेची नसते. आपल्या प्राचीन न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय आहे, हे शोधण्यासाठी दोघांनी केलेली चर्चा म्हणजे वाद. कसेही करून आपण जिंकावे, या हेतूने केलेली चर्चा म्हणजे जल्प. स्वतःचे असे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे म्हणणे मोडीत काढणे म्हणजे वितंडा. आज आपण 'वाद' या शब्दाचा अर्थ भांडण असा करतो. शास्त्रकारांनी मात्र तो शब्द चर्चेच्या सर्वांत उत्तम प्रकारासाठी वापरला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता असा प्रश्न येतो, की आपल्या म्हणण्याला आधार द्यावयाचा तो कसला? विज्ञान, अर्थकारण आणि राजकारण या तीन विषयांत तो तीन प्रकारचा असतो. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरच त्याची उदाहरणे सापडतात.

प्रथम विज्ञान घेऊ. अलिबागला एक चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वी हा एक प्रचंड चुंबक असून त्याच्या शक्तीत सतत सूक्ष्म बदल होत असतात. हे बदल मोजण्याचे काम पूर्वी मुंबईत कुलाबा येथे चालत असे. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले. त्या विजेच्या प्रवाहामुळे नाजूक उपकरणांची मोजमापे बिघडणार होती. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या काळात, १९०४ साली, हे काम अलिबागला आणण्यात आले. तेथील इमारतही चुंबकाचा परिणाम न होणाऱ्या साहित्याने बांधली, कारण भिंतीतील लोखंडानेसुद्धा मापात चूक झाली असती. इतकेच करून शास्त्रज्ञ थांबले नाहीत. १९०४ ते १९०६ या काळात त्यांनी कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी वेध घेतले. नव्या जागेचे आकडे जुन्या आकड्यांशी ताडून पाहता यावेत, हा त्यामागील हेतू होता.

हे सारे श्रम कोणासाठी? अलिबागचे आकडे जगातील इतर देशांचे अभ्यासक वापरतात. त्यांनी अलिबागचा किनारा पाहिलेला नसतो आणि तेथील निरीक्षकांचे नावही ऐकलेले नसते. तरीही ते त्या आकड्यांवर विसंबतात. कारण मोजमाप कसे केले, कोणती काळजी घेतली, हे त्यांना उघडपणे सांगितलेले असते. विज्ञानातील आधार तो हाच. "मी मोठा शास्त्रज्ञ आहे, म्हणून माझे खरे माना," असे तेथे चालत नाही. "मी हे असे मोजले, तुम्हीही मोजून पाहा," असे म्हणावे लागते.

अर्थकारणाचे स्वरूप थोडे निराळे आहे. तेथे आकडे असतातच, पण हिशेब पुरा मांडला आहे की अर्धा, हे पाहावे लागते. अलिबागजवळच्या चरी या गावाचे उदाहरण घ्या. त्या काळी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. १९८१ पासून त्याला रायगड हे नाव मिळाले. येथे खोतीची पद्धत होती. खोत सरकारचा सारा भरी आणि जमीन कसणाऱ्या कुळांकडून भाताचा मोठा वाटा घेई. समजा, एका शेतात १० मण भात झाले आणि त्यातले ५ मण खोताला द्यावयाचे ठरले. ऐकणाऱ्या परक्या माणसाला ही निम्मी वाटणी न्यायाची वाटेल. पण बियाणे कुळाचे, बैल कुळाचे, आणि समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालण्याचे श्रमही कुळाचेच. त्यांचा खर्च ३ मण धरला, तर वर्षभर राबणाऱ्या कुटुंबाच्या पदरी उरले २ मण! पहिला हिशेब खोटा नव्हता, तो अपुरा होता. अर्थकारणाच्या चर्चेत म्हणूनच विचारावे, की यात कोणाचा खर्च मोजावयाचा राहिला आहे? खोताच्या बाजूचा खर्चही त्याच न्यायाने मोजावा.

हा केवळ गणिताचा प्रश्न नव्हता. तो मुलाबाळांच्या पोटाचा प्रश्न होता. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे शेतकऱ्यांनी संपाचा निर्धार केला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी होते. आसपासच्या पंचवीस गावांतील शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे थांबविले आणि मोलमजुरी करून, हालअपेष्टा सोसून सुमारे सहा वर्षे दिवस काढले. चरीची बाजू चरीच्या लोकांना सांगण्याची गरज नव्हती. ती ज्यांनी चरी पाहिलीच नव्हती, अशा लोकांना पटवून द्यावयाची होती. १९३७ साली पाटलांनी 'कृषीवल' हे पत्र सुरू केले आणि शेतकऱ्यांचे म्हणणे दूरवरच्या वाचकांपर्यंत पोहोचू लागले.

येथून आपण राजकारणाच्या प्रांतात येतो. सर्व मोजमापे झाली, हिशेबही पुरा मांडला, तरी एक प्रश्न उरतोच. तो म्हणजे, न्याय काय आहे आणि आपण सर्वांनी मिळून काय करावे? त्याचे उत्तर कोणत्याही उपकरणाने मिळत नाही. ते सर्वांचे ऐकून ठरवावे लागते. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीची पद्धत रद्द करण्यासाठी विधेयक मांडले. ते त्या वेळी कायद्यात उतरले नाही. पण चर्चा तेथे संपली नाही. १९३९ साली कुळांना काही संरक्षण देणारा कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा संमत झाला. राजकारणात आजचा निर्णय आपल्या विरुद्ध गेला, तरी उद्या पुन्हा मुद्दा मांडण्याचा अधिकार शिल्लक राहतो. तो अधिकार आपल्याला जितका आहे, तितकाच आपल्या विरोधकालाही आहे.

अपरिचितांशी चर्चा करताना काही पथ्ये पाळली, तर ती चर्चा फलदायी होते. पहिले पथ्य असे, की दुसऱ्याचे म्हणणे खोडण्यापूर्वी ते आपल्या शब्दांत त्याला सांगावे आणि "तुम्हाला असेच म्हणावयाचे आहे ना?" असे विचारावे. त्याने 'होय' म्हटल्यावरच पुढे जावे. निम्मी भांडणे येथेच मिटतात. दुसरे पथ्य, माणूस आणि त्याचे मत या दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्या. "तुमचा आकडा चुकला आहे," हे उत्तर झाले; "तुम्हाला काय कळते?" हे उत्तर नव्हे. तिसरे, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही, असे सांगण्यात कमीपणा मानू नये. आणि चौथे, दुसऱ्याचा आधार अधिक भक्कम ठरला, तर आपले मत बदलावे. मत बदलल्याने माणूस हरत नाही. पूर्वी नसलेली एक खरी गोष्ट त्याच्या पदरी पडते.

आज लाँचमधील बाकाची किंवा साप्ताहिकाच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. हातातील मोबाइलवरून क्षणार्धात हजारो अपरिचितांशी बोलता येते. भाऊ महाजनांच्या काळात पत्र लिहून ते मुंबईस पोहोचेपर्यंत काही दिवस जात आणि तेवढ्या वेळात रागही निवत असे. आता राग निवण्याआधीच उत्तर जाऊन पोहोचते. म्हणून तो अवधी आपणच राखला पाहिजे. अलिबागच्या शास्त्रज्ञांनी उपकरणे जशी विजेच्या प्रवाहापासून दूर नेली, तसे आपणही मन रागापासून क्षणभर दूर न्यावे आणि मग लिहावे. समोरचा केवळ जल्प किंवा वितंडा करीत असेल, तर नम्रपणे बोलणे थांबवावे. आणखी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. अपरिचिताला आपला विचार सांगावा. आपले घर, शाळा, छायाचित्र यांची माहिती देऊ नये. त्याने तशी माहिती मागितली किंवा एखादी गोष्ट लपवून ठेवण्यास सांगितले, तर ताबडतोब आईवडिलांना किंवा गुरुजींना सांगावे.

मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा मतदान कराल, व्यवहार कराल, तुमच्यापैकी काहीजण संशोधनही करतील. त्या प्रत्येक कामात तुमची गाठ अशा माणसांशी पडेल, की ज्यांना तुमचे नाव ठाऊक नाही. त्यांच्याशी बोलण्याची सवय आतापासूनच लावून घ्या. उद्या वर्गात कोणी म्हणाले, "असे असे आहे," तर रागावू नका आणि मानही डोलावू नका. शांतपणे विचारा, "हे कशावरून?" आणि तोच प्रश्न दुसऱ्याने तुम्हाला विचारला, तर त्याचे उत्तर तयार ठेवा.