गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल तापू लागला की गॅरेजात एक वाक्य हमखास कानावर येतं : "एसीतला गॅस संपलाय, भरून द्या." पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत असतो. कमी झाला, याचा अर्थ कुठूनतरी गळाला.

बहुतेक गाड्यांमध्ये तो आर-१३४ए असतो. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंशांनाच उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये हेच उकळणं चालू असतं. ब्लोअरची हवा तिच्यावरून जाते, गार होते, शिवाय कोरडीही होते. गाडीखाली ठिबकणारं पाणी त्यातलंच. कोकणातल्या पावसात काचेवरची वाफ एसी लावताच निघते, तीही यामुळेच. पुढे कॉम्प्रेसर गॅस दाबतो, रेडिएटरपुढचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याला द्रव करतो, ड्रायर ओल टिपतो आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह दाब एकदम उतरवतो.

१९४० च्या पॅकार्ड गाडीत कंपनीनेच एसी दिला होता, पण कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. थंडीत एसी नको असेल तर इंजिन बंद करून पट्टाच काढायचा! आज बटण दाबताच मॅग्नेटिक क्लचचा 'टक्' आवाज येतो. तो आला नाही, तर गॅस फार कमी आहे किंवा वायरिंगमध्ये दोष आहे.

चांगला मेकॅनिक आधी प्रश्न विचारतो. हायवेवर गार आणि सिग्नलला गरम? कंडेन्सरचा फॅन बघा. तासाभराने हवेचा झोतच मंदावतो? कॉइलवर बर्फ धरत असेल. मग गेज लागतात. उन्हाळ्यात कमी दाबाचा निळा काटा साधारण ३० ते ४० पीएसआयवर, जास्त दाबाचा लाल २०० च्या पुढे. दोन्ही खाली असतील तर गॅस कमी. निळा चढलेला आणि लाल उतरलेला दिसला तर कॉम्प्रेसर थकलेला.

गळती शोधताना जॉइंटवरचा तेलकट, धूळ धरलेला डाग उपयोगी पडतो, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. दुरुस्तीनंतर अर्धा तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून काट्यावर नजर. तो परत वर सरकू लागला, तर गॅसचा सिलिंडर उघडायचा नाही. साबणाचं पाणी घेऊन पुन्हा पहिल्या जॉइंटपासून सुरुवात करायची.